उपरोधिक ख्रिस्ती कथासाहित्य: सुरुवात कुठून करावी? (शिफारस: स्क्रूटेपची पत्रं)

जुनीवही

या प्रकारातलं एकच पुस्तक सुचवायचं असेल तर मी बेलाशक ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांचं 'द स्क्रूटेप लेटर्स' सुचवेन. पण हे पुस्तक नुसतं हातात ठेवून चालत नाही. आधी दोन गोष्टी सांगितल्या नाहीत तर वाचणारा पाचव्या-सहाव्या पत्राशी गोंधळून थांबतो. म्हणून हा धागा.

रचना साधी आहे. स्क्रूटेप हा नरकातला मुरलेला अधिकारी. वर्मवुड हा त्याचा भाचा, माणसांना भुलवण्याच्या कामात नवशिका. वर्मवुडकडे एक इंग्रज तरुण सोपवलाय आणि त्याला देवापासून तोडायचं कसं, याचा सल्ला मामा पत्रांतून देतो. तरुणाला पुस्तकभर नाव नाही, तो फक्त 'पेशंट'. एकूण पत्रं ३१, सगळी एकाच बाजूची. भाच्याची उत्तरं छापलेली नाहीत, ती मामाच्या चिडचिडीवरून ताडायची.

२ मे १९४१ पासून ही पत्रं दर आठवड्याला 'द गार्डियन' या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या) साप्ताहिकात येत होती (आजचं प्रसिद्ध दैनिक वेगळं, हे साप्ताहिक १९५१ मध्ये बंद पडलं). शेवटचं पत्र २८ नोव्हेंबरला आलं. फेब्रुवारी १९४२ मध्ये लंडनच्या जेफ्री ब्लेस प्रकाशनाने पुस्तक काढलं. अर्पणपत्रिका जे. आर. आर. टॉल्किन यांना. एका पत्राचं मानधन दोन पौंड होतं आणि ते लुईस यांनी धर्मगुरूंच्या विधवांसाठीच्या निधीला देऊन टाकलं.

उपरोध कसा चालतो ते पहिल्याच पत्रात कळतं. ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात एक नास्तिक बसलाय आणि त्याच्या मनातला विचार नको त्या दिशेला, म्हणजे देवाकडे, वळायला लागतो. स्क्रूटेप वाद घालतच नाही. 'जेवायची वेळ झाली' एवढंच सुचवतो. हे जेवणापेक्षा महत्त्वाचं आहे, असं दुसरी बाजू, म्हणजे देव, सुचवते बहुधा. स्क्रूटेप लगेच कबूल करतो: फारच महत्त्वाचं आहे, म्हणूनच थकलेल्या डोक्याने नको, जेवून ये आणि मग नीट बघ. माणूस दाराकडे निघतो. रस्त्यावर पेपरवाला पोरगा दुपारचा अंक ओरडून विकतोय, ७३ नंबरची बस चाललीय. पायऱ्या उतरेपर्यंत त्या माणसाची खात्री पटलेली असते की खरं जग हेच, बाकी सगळे पुस्तकी विचार. एक युक्तिवाद नाही, एक पाप नाही, आणि माणूस देवाच्या हातचा गेला.

बहुतेक धार्मिक उपरोधाचा रोख दुसऱ्यांवर असतो: लोभी पाद्री, ढोंगी पंथ, अडाणी भक्त. इथे रोख थेट वाचणाऱ्यावर आहे, तोही त्याच्या मोठ्या पापांवर नाही, तर त्याला स्वतःलाही न जाणवणाऱ्या सवयींवर. या कामात या पुस्तकाच्या जवळपास येणारं दुसरं मला माहीत नाही.

वाचायचं कसं: एका बैठकीला एक पत्र, फार तर दोन. पत्र तीन-चार पानांचंच असतं, त्यामुळे सलग दहा वाचायचा मोह होतो. तो आवरा. लेखन आठवड्याला एक या बेताने झालेलं आहे. सलग वाचलं की युक्त्या एकमेकींत मिसळतात आणि फक्त चतुराई लक्षात राहते.

---

काठावरचा

वाचनखूण साठवली. दोन शंका. ख्रिस्ती धर्मशास्त्राची ओळख नसेल तर पुस्तक झेपेल का? आणि 'शत्रू', 'आपला पिता' वगैरे शब्द नेमके कोणासाठी आहेत? दोन पानं चाळली, पण कोण कोणाच्या बाजूचं ते कळेना.

---

जुनीवही

काठावरचा, शब्द आधी लावून घेऊ. 'शत्रू' म्हणजे देव. 'आपला खालचा पिता' म्हणजे सैतान. प्रभूच्या प्रार्थनेतल्या स्वर्गातल्या पित्याची ती मुद्दाम केलेली उलटी नक्कल आहे. 'पेशंट' म्हणजे तो तरुण. ग्लुबोज हा पेशंटच्या आईवर नेमलेला भूत, स्लबगॉब हा भुलवणाऱ्यांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाचा प्राचार्य, टोडपाइप हा स्क्रूटेपचा लेखनिक. एवढी यादी पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवा.

धर्मशास्त्र लागत नाही. प्रार्थना, पश्चात्ताप, कृपा, मोह हे शब्द ढोबळ अर्थाने माहीत असले की पुरे.

खरी अडचण पुढे येते. बहुतेक जण 'स्क्रूटेप म्हणतो त्याच्या बरोबर उलट करायचं' ही एकच किल्ली घेऊन वाचतात आणि आठव्या पत्रात अडकतात. कारण त्याची सगळी वाक्यं एका जातीची नाहीत. तीन जाती आहेत:

पहिली, सल्ला. 'पेशंटला हे करू दे, ते करू देऊ नको.' ही वाक्यं उलटवायची.

दुसरी, देवाबद्दलचा अहवाल. देवाला माणसांना गिळायचं नाही, त्यांनी आपखुशीने त्याच्याजवळ यावं असं त्याला वाटतं, हे स्क्रूटेप आठव्या पत्रात सांगतो. ते त्याला पटत नाही, समजतही नाही, पण माहिती बरोबर आहे. ही वाक्यं सरळच घ्यायची, उलटवली की अर्थाचा अनर्थ होतो.

तिसरी, स्वतःबद्दल आणि आपल्या खात्याबद्दलची फुशारकी. यातल्या कशावरच भरवसा ठेवायचा नाही. सैतान खोटारडा असतो हे लक्षात ठेवा, अशी सूचना लुईस यांनी प्रस्तावनेतच देऊन ठेवलीय.

या भेदाचा पुरावा पुस्तकातच आहे. आठव्या पत्रात देव माणसांवर खरोखर प्रेम करतो असं स्क्रूटेप लिहून बसतो. पुढे एकोणिसाव्यात तो घाबरून सारवासारव करतो, कारण ते वाक्य नरकात पाखंड ठरेल आणि भाचा ते पत्र भलत्याच्या हाती देईल. बाविसाव्यात कळतं की भाच्याने गुप्त पोलिसांकडे चुगली केलेलीच आहे. म्हणजे पेशंटच्या गोष्टीखाली मामा-भाच्याची दुसरी गोष्ट चाललेली असते. प्रत्येक पत्राच्या शेवटी भाच्याशी तो किती गोड किंवा किती कडू बोलतो ते बघत गेलात तर ३१व्या पत्रातला मामा तुम्हाला बरोबर कळेल. त्याहून जास्त सांगत नाही.

---

शाईची_दौत

+१. वहीचं पान दोन रकान्यांत आखलं की हे सोपं जातं. डावीकडे सल्ला, उजवीकडे तोच सल्ला देवाच्या बाजूने लिहिलेला. एका पत्रातून तीनच वाक्यं घ्यायची. जास्त घेतली की शाळेचा गृहपाठ होतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. या पुस्तकाचा सर्वांत मोठा गैरवापर म्हणजे उजवा रकाना दुसऱ्यासाठी भरणं. सतरावं पत्र घ्या. पेशंटची आई खादाड नाही, उलट फार थोडं खाते. पण समोर आलेलं ताट नाजूक उसासा टाकून परत पाठवते: मला बाई एवढंच हवंय, चहा हलका, पण अगदीच फिका नको, आणि एक चिमुकला टोस्टचा तुकडा, पण खरंच कुरकुरीत. तिच्या 'एवढंच'पायी सगळं घर राबतं आणि तिला मात्र वाटतं आपण किती अल्पसंतुष्ट! हे वाचताना कोणीतरी ओळखीचं हटकून आठवतं. तिथेच थांबलात तर पत्र वाया गेलं. कारण तिसऱ्या पत्रात स्क्रूटेप नेमकी हीच युक्ती शिकवतो: पेशंटने आईच्या आत्म्यासाठी भरपूर प्रार्थना करावी, तिच्या संधिवातासाठी नाही. म्हणजे तिची पापं त्याच्या डोळ्यांसमोर राहतात, तिचं दुखणं राहत नाही. ही दोन पत्रं (३ आणि १७) लागोपाठ वाचा, सतराव्यातल्या हसण्याचं काय करायचं ते तिसरं सांगतं.

---

रेघोटी

पुस्तक मलाही प्रिय आहे, पण शिफारस करताना उणं झाकू नये.

१८ ते २० आणि २६ ही प्रेम, लग्न, स्त्री-पुरुष यांबद्दलची पत्रं त्या काळाची आहेत. बायका अशा, पुरुष तसे, अशी सरसकट विधानं येतात. २२व्या पत्रातली ख्रिस्ती मुलगी तर माणूस कमी आणि आदर्श जास्त आहे. नव्या वाचकाला हे खटकणारच, तेव्हा आधीच सांगावं. तरी २६वं गाळू नका. बागेत चहा घ्यायचा की नाही एवढ्या क्षुल्लक गोष्टीवर घरातला प्रत्येक जण 'माझं काही नाही, तुमच्यासाठी' म्हणत त्यागाची स्पर्धा लावतो आणि शेवटी सगळेच दुखावले जातात, हे वर्णन आजही जसंच्या तसं लागू आहे.

दुसरं, काही पत्रं त्या वेळच्या इंग्लिश चर्चमधल्या वादांना धरून आहेत. १६व्यात दोन चर्चची तुलना आहे: एका ठिकाणचा पाळक लोकांना जड जाऊ नये म्हणून श्रद्धा पातळ करत गेलाय, दुसऱ्या ठिकाणचा नुसता लोकांना धक्के देण्यात रमलाय. त्यातले संदर्भ लागले नाहीत तरी बिघडत नाही. मुद्दा चर्च 'चाखत' फिरण्याचा आहे. लुईस दोन्ही बाजूंना सारखंच धरतात, हेही तिथे बघण्यासारखं.

आणि नरक हे कार्यालय का, याचं उत्तर हवं असेल तर १९६१च्या आवृत्तीतली वाढीव प्रस्तावना असलेली प्रतच घ्या. सर्वांत मोठी दुष्कृत्यं अंधाऱ्या अड्ड्यांवर ठरत नाहीत. ती स्वच्छ, उबदार, उजेडाच्या खोल्यांत, आवाज न चढवणाऱ्या नीटनेटक्या माणसांच्या हातून ठरतात, असं ते तिथे मांडतात. नरकातल्या बढत्या, अहवाल, एकमेकांवरच्या कुरघोड्या या सगळ्याचा उगम त्यात आहे. हे पुस्तक लिहिणं सोपं गेलं पण त्यात आनंद अजिबात नव्हता, मनाला पेटके आल्यासारखं झालं, हेही त्यांनी तिथेच लिहिलंय. सतत उलट्या बाजूने विचार करण्याची ती किंमत. वाचकालाही ती थोडी मोजावी लागते, म्हणून आठ-दहा पत्रांनंतर दोन दिवस पुस्तक बाजूला ठेवणं चांगलं.

---

तिसरीघंटा

मी थोडा वेगळा सूर लावतो. पहिलं पुस्तक म्हणून लुईस यांचंच 'द ग्रेट डिव्होर्स' जास्त योग्य. तेही १९४४-४५ मध्ये त्याच साप्ताहिकात क्रमशः आलं. उलटं वाचण्याची कसरत नाही, गोष्ट सरळ पुढे जाते.

करड्या, कायम संध्याकाळ असलेल्या एका शहरातून बस निघते आणि स्वर्गाच्या वेशीवर पोचते. उतरणारे प्रवासी भुतासारखे विरविरीत, आणि तिथलं गवत इतकं खरं की त्यांच्या पायाखाली वाकत नाही, पायांना टोचतं. राहायचं की परत जायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. जवळजवळ सगळे परत जातात आणि प्रत्येकाचं कारण ऐकण्यासारखं आहे. एका बिशपच्या भुताला करड्या शहरातल्या धर्मचर्चा मंडळात निबंध वाचायचाय. येशू आणखी जगला असता तर त्याची मतं कशी बदलली असती, हा विषय. देवाला प्रत्यक्ष भेटायचं निमंत्रण आणि हा माणूस निबंधासाठी बस पकडतो!

त्याच करड्या शहरात भांडून-भांडून लोक एकमेकांपासून लांब राहायला गेलेत. नेपोलियनचं घर गाठायला पंधरा हजार वर्षं लागतात, आणि तिथे तो एकटा येरझारा घालत पुटपुटतोय: चूक सूल्तची, चूक नेची (हे दोघे त्याचे सेनापती), चूक जोसेफिनची (ही त्याची बायको).

---

जुनीवही

तिसरीघंटा, पुस्तक सुंदर आहे यात वाद नाही. पण तिथे वाचक भुतांकडे बाहेरून बघतो. बिशप मूर्ख आहे हे त्याला लगेच दिसतं आणि आपण नाही याची खात्रीही वाटते. स्क्रूटेपमध्ये ती सोय नाही. चौदाव्या पत्रात पेशंट नम्र झालाय. सल्ला असा: आपण नम्र झालो हे त्याच्या ध्यानात आणून दे, की अभिमान आलाच. त्याने तो अभिमान दाबला, तर दाबल्याचा अभिमान आणून दे. पण हे फार ताणू नको, नाहीतर तो तुलाच हसेल आणि सरळ झोपायला जाईल. हे वाचणाऱ्याला बाहेर उभं राहायला जागाच उरत नाही. म्हणून पहिलं स्क्रूटेप, दुसरं डिव्होर्स, हा क्रम मी बदलणार नाही.

---

दगडी_दिवा

दोन्हींची मुळं जुनी आहेत. त्यांच्याकडे वळायचं तर अडखळायच्या जागा आधी सांगतो.

स्विफ्ट यांचं 'अ टेल ऑफ अ टब' (१७०४): बाप मरताना तीन मुलांना एकेक अंगरखा देतो आणि मृत्युपत्रात बजावतो की यात काडीचाही बदल करायचा नाही. पीटर म्हणजे रोमन कॅथलिक चर्च, मार्टिन म्हणजे ल्यूथर आणि अँग्लिकन, जॅक म्हणजे कॅल्व्हिनचे अनुयायी. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेऊ नका, प्रस्तावनांच्या जंगलातच हरवाल. भावांची गोष्ट २, ४, ६, ८ आणि ११ या प्रकरणांत आहे. ती आधी वाचा. मधली ३, ५, ७, ९, १० ही विषयांतरं आहेत. त्यातलं वेडेपणावरचं नववं नंतर जरूर वाचा.

दुसऱ्या प्रकरणातली खांद्यावरच्या गोंड्यांची (इंग्रजीत shoulder-knots) हकिकत तर पाठ व्हावी अशी. गोंड्यांची फॅशन येते, पण मृत्युपत्रात त्यांचा उल्लेख नाही. मग शब्द सापडत नाही म्हणून अक्षरसमूह शोधतात, तेही नाहीत म्हणून सुटी अक्षरं गोळा करतात. एक 'के' तेवढा कुठे मिळत नाही. तेव्हा विद्वान भाऊ सिद्ध करतो की 'के' हे मागाहून घुसलेलं अक्षर आहे, 'सी' चालेल. लागले गोंडे! शास्त्रवचनातून हवा तो अर्थ काढण्यावर याहून नेमकं काही लिहिलं गेलेलं नसेल. स्विफ्ट स्वतः धर्मगुरू होते. पुस्तक धर्मविरोधी ठरवलं गेलं, तेव्हा १७१०च्या आवृत्तीला त्यांना समर्थन जोडावं लागलं.

पास्कल यांची 'प्रोव्हिन्शियल लेटर्स' (१६५६-५७, पत्रं १८) ही काटेकोरपणे कथा नाही, पण लिहिणारा कल्पित आहे. पहिल्या तीन पत्रांत सॉर्बोनमधला, म्हणजे पॅरिसच्या धर्मशास्त्र पंडितांमधला, वाद आहे, तिथे नवखे वाचक गळतात. सरळ ४ ते १० घ्या. त्यात एक भाबडे जेझुइट (एका कॅथलिक संघाचे) फादर आपल्या ग्रंथांतल्या पळवाटा मोठ्या अभिमानाने उलगडून दाखवतात. सातव्यात द्वंद्वयुद्धाची सोय आहे: लढायच्या हेतूने जायचं नाही, मैदानात फेरफटका मारायला जायचं, आणि कोणी अंगावर आलंच तर स्वतःला वाचवायचं. हेतू शुद्ध, काम फत्ते.

अवांतर: बन्यन यांच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधली व्हॅनिटी फेअरची जत्रा याच कुळातली. त्याचं हरि केशवजी यांनी केलेलं मराठी रूप 'यात्रिकक्रमण' १८४१चं आहे.

---

काठावरचा

सविस्तर उत्तरांसाठी आभार. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुणांच्या अभ्यासगटात सहा बैठका मिळताहेत, तासाभराच्या. एवढ्यात ३१ पत्रं बसणार नाहीत. काय निवडावं? आणि शेवटी मुलांकडून असं एक पत्र लिहून घ्यावं का?

---

शाईची_दौत

सहा बैठकांत तेरा पत्रं नीट बसतात:

१) १ आणि २. दुसऱ्यात पेशंट पहिल्यांदा चर्चमध्ये जातो आणि त्याला दिसतं काय, तर शेजारच्याचे करकरणारे बूट आणि बेसूर गाणं.
२) ३ आणि १७, वर सांगितलेल्या कारणासाठी.
३) ८ आणि ९. मनाचे चढ-उतार. प्रार्थनेत काहीच वाटेनासं झालं की श्रद्धा संपली असं समजणाऱ्यांसाठी ही बैठक सर्वांत महत्त्वाची, तिला पूर्ण तास द्या.
४) ११ आणि १२. अकराव्यात हसण्याचे चार प्रकार आहेत. नरकाच्या सर्वांत कामाची असते ती थिल्लर थट्टा, जिथे विनोद केलेला नसतोच, केल्याचा आव असतो. बारावं तर पुस्तकाचा कणा: खुनापेक्षा पत्त्यांनी काम होत असेल तर पत्तेच बरे.
५) १३ आणि १४.
६) २९, ३०, ३१. सलग, मोठ्याने वाचून.

एकाने सगळं पत्र वाचू नये. परिच्छेदागणिक वाचणारा बदला. आवाज थंड आणि आपुलकीचा ठेवायला सांगा; राक्षसी हास्य आलं की नाटक होतं आणि मजकूर ऐकू येत नाही.

पत्र जरूर लिहून घ्या, पण नियम घालून. एका पत्रात एकच सवय. लांबी पाचशे शब्दांच्या आत. युक्ती एखाद्या हाताला लागणाऱ्या वस्तूतून दाखवायची, जसा लुईस यांच्याकडे टोस्टचा तुकडा आहे. दुसऱ्या पंथाची, पाळकाची किंवा गटातल्या कुणाची खिल्ली नको. शिकार लिहिणाऱ्याच्याच सवयीची. मुलं बहुतेक वेळा दारू, जुगार, व्यभिचार असली ढोबळ पापं निवडतात आणि पत्र सपाट होतं, कारण ती पापं पाप म्हणून आधीच ओळखू येतात. चांगल्या गोष्टीपासून सुरुवात करायला सांगा: सेवा, गाणं, वचनपाठ. मग ती कणाकणाने कशी वाकते ते दाखवू दे.

---

रेघोटी

एक भर. गटात कोणीतरी विचारेलच की हे सैतानाचे सल्ले तरुणांच्या हातात कशाला? हा आक्षेप पहिल्या दिवसापासूनचा आहे. पत्रं छापून येत असतानाच एका गावाकडच्या पाळकाने साप्ताहिकाची वर्गणी बंद केली. यातले बरेचसे सल्ले चुकीचेच नव्हे तर चक्क सैतानी आहेत, अशी त्यांची तक्रार. म्हणून पहिल्या बैठकीला पुस्तकाची मूळ प्रस्तावना आधी वाचा, दीडेक पानच आहे. भुतं, म्हणजे स्क्रूटेपसारखे सैतानाचे दूत, नाहीतच असं मानणं आणि त्यांच्यात नको इतका रस घेणं, या दोन्ही चुका भुतांना सारख्याच आवडतात, हे लुईस तिथे स्पष्ट करतात. उत्तर तिथेच मिळतं.

---

काठावरचा

शेवटचा प्रश्न. काही प्रतींत मागे 'स्क्रूटेप प्रोपोझेस अ टोस्ट' जोडलेलं असतं. ते अभ्यासात घ्यावं का?

---

जुनीवही

या सहा बैठकांत नको. ते १९५९चं, 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट'साठी लिहिलेलं. ते पत्र नाही, प्रशिक्षण महाविद्यालयाच्या मेजवानीतलं स्क्रूटेपचं भाषण आहे. ३१व्या पत्रानंतर लगेच वाचलं तर त्या शेवटाचा परिणाम पुसला जातो. विषयही वेगळा: एका माणसाचा आत्मा सोडून शिक्षण आणि समाज, 'मीही तुझ्याइतकाच' म्हणत सगळ्यांना एका उंचीवर छाटण्याची वृत्ती. महिनाभराने स्वतंत्र बैठक ठेवा आणि शेवटच्या परिच्छेदासाठी दहा मिनिटं राखून ठेवा. तिथे स्क्रूटेपच्या हातातल्या प्याल्यात जुनी, मुरलेली 'परुशी' मदिरा आहे (परुशी म्हणजे बायबलमधले कर्मठ यहुदी, इथे धर्माचं ढोंग करणारे). हयातभर एकमेकांशी भांडलेल्या वेगवेगळ्या प्रकारच्या परुश्यांना एकत्र तुडवून ती गाळलेली आहे, आणि बाटलीत ते अजून भांडताहेत. त्यांत कोणकोणते प्रकार आहेत ते गटालाच शोधायला सांगा.